आपल्या वाचकाच्या शोधात रहस्यकथा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर वाचकांच्या हाती पुस्तकं देण्याचं काम केलं. म्हणून आजचा विषयही देवघेवीच्या टेबलावरचाच निवडला आहे. एक वाचक येतो आणि म्हणतो, "एखादी चांगली रहस्यकथा द्या." टेबलामागचा माणूस काय देतो? बहुतेक वेळा शेरलॉक होम्स, नाहीतर अगाथा ख्रिस्ती. वाचक पुस्तक घरी नेतो, तीस-चाळीस पानं वाचतो, आठवड्याने परत करतो आणि सांगून टाकतो, "हा प्रकार काही आपल्यासाठी नाही." पुढे तो जन्मभर रहस्यकथेच्या कपाटाकडे फिरकत नाही.

यात चूक कोणाची? वाचकाची? लेखकाची? खरं तर दोघांचीही नाही. गाठ चुकीची पडली, एवढंच. आणि ती चुकू नये यासाठी काय करता येईल, हेच आज मांडायचं आहे.

मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतल्या दोन नियमांचा भावार्थ असा की वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे आणि पुस्तकालाही त्याचा वाचक मिळाला पाहिजे. कवितेच्या बाबतीत हे आपण मानतो. केशवसुत आवडणाऱ्याला मर्ढेकर आवडतीलच असं कोणी धरून चालत नाही. मग रहस्यकथेच्या बाबतीत सगळा माल एकाच गोणीत का भरायचा? अमेरिकेत सिएटलला नॅन्सी पर्ल नावाच्या ग्रंथपाल होत्या. त्यांनी वाचकांचं फार बारकाईने निरीक्षण केलं. पुस्तकात शिरायला चार दारं असतात, असं त्या सांगतात: कथानकाचं, पात्रांचं, स्थळाचं आणि भाषेचं. कोणता वाचक कोणत्या दाराने आत जातो हे कळलं की निम्मं काम झालं. रहस्यकथेला ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. तशी ती लावली की दिसतं, ज्याला आपण एक प्रकार समजतो ते चार-पाच वेगळ्या स्वभावांचं एकत्र कुटुंब आहे.

पहिलं दार कोड्याचं. सकाळचं शब्दकोडं पुरं झाल्याशिवाय ज्यांना चहा गोड लागत नाही, त्यांचं हे दार. इथे खून हे निमित्त असतं. खरी झुंज लेखक आणि वाचक यांच्यात चालते. एडगर ॲलन पो यांनी १८४१ साली पॅरिसमधल्या एका बंद खोलीतल्या खुनाची कथा लिहिली, तेव्हापासून ही झुंज सुरू आहे. पुढे इंग्लंडात तिचे रीतसर नियम झाले. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने १९२९ साली दहा आज्ञाच घालून दिल्या: गुन्हेगार कथेत लवकर भेटला पाहिजे, भुताखेतांची मदत घ्यायची नाही, एकापेक्षा जास्त गुप्त दारं नकोत, गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवायचा नाही. १९३० साली तिथल्या लेखकांनी 'डिटेक्शन क्लब' काढला. चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष. वाचकाची फसवणूक करणार नाही, अशी शपथ तिथे सभासदांना घ्यावी लागे. केवढी ही वाचकाबद्दलची आस्था! तुम्हाला चकवू, पण पत्ते टेबलावर ठेवूनच चकवू, असं म्हणणारे हे लेखक.

त्यांतली सर्वांत समर्थ खेळाडू अगाथा ख्रिस्ती. पहिल्या महायुद्धात ती टॉर्की इथल्या रुग्णालयाच्या औषधविभागात काम करत होती. रीतसर परीक्षा देऊन औषधं बनवायला शिकली आणि त्यातूनच विषांची तिची ओळख पक्की झाली. १९२० साली तिची पहिली कादंबरी आली, तेव्हा औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकाने विषाच्या अचूक वर्णनाबद्दल तिचं कौतुक केलं. हा अचूकपणा किती खरा होता, त्याचा एक प्रसंग आहे. १९७७ साली कतारमधून एका तान्ह्या मुलीला लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात आणलं होतं. तिला काय झालंय ते डॉक्टरांना उमगेना. तिथली एक परिचारिका त्या दिवसांत ख्रिस्तीची एक कादंबरी वाचत होती. मुलीचे केस गळताना पाहून तिला कादंबरीतली लक्षणं आठवली. तिने डॉक्टरांना एका विषाची शंका बोलून दाखवली. तपासणी झाली, शंका खरी निघाली आणि मूल वाचलं. कादंबरीचं आणि विषाचं नाव इथे मुद्दाम घेत नाही. सभागृहात ती अजून न वाचलेले श्रोते असतील आणि त्यांचा आनंद हिरावून घेण्याचा अधिकार कोणत्याही व्याख्यात्याला नाही.

ख्रिस्तीने साठाहून अधिक रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. सुरुवात कुठून करावी? बेटावर अडकलेल्या दहा माणसांची १९३९ची कादंबरी किंवा १९३४ची ओरिएंट एक्स्प्रेसची. क्रम पाळण्याची गरज नाही. आणि ज्यांना कोड्याची तहान याहून मोठी आहे, त्यांनी जपानकडे वळावं. सेइशी योकोमिझो यांची १९४६ची 'होन्जिन मर्डर्स' एका बंद खोलीतल्या खुनावर उभी आहे. सोजी शिमादा यांच्या १९८१च्या 'टोकियो झोडिॲक मर्डर्स'मध्ये तर लेखक कथा मध्येच थांबवतो आणि वाचकाला थेट आव्हान देतो: सगळे दुवे तुमच्या हाती आले आहेत, आता सोडवा.

पण श्रोतेहो, याच दारावर बहुसंख्य वाचक अडखळतात. ज्याला माणसं हवी असतात त्याच्या हाती कोडं पडलं, तर त्याला ती पात्रं पटावरच्या सोंगट्यांसारखी वाटतात. त्याचं म्हणणं खोटं नाही. त्याच्यासाठी दुसरं दार आहे.

या दारात पहिले भेटतात ते जॉर्ज सिमेनॉनचे इन्स्पेक्टर मेग्रे. मेग्रेंवर ७५ कादंबऱ्या आणि २८ कथा आहेत आणि बहुतेक कादंबऱ्या दीडशे-पावणेदोनशे पानांत आटोपतात. मेग्रे भिंगातून राख तपासत बसत नाहीत. ते मेलेल्या माणसाच्या गल्लीत जातात, तिथल्या खानावळीत बसतात, पाइप ओढतात, त्याच्या बायकोशी, शेजाऱ्यांशी, घरमालकिणीशी बोलतात. हा माणूस कसा जगत होता, हे समजलं की तो का मेला हे समजतं, अशी त्यांची धारणा. वाचक शेवटी गुन्हेगाराचं नाव विसरतो, पण त्या घरातला कोंदटपणा विसरत नाही.

आणि मग आपल्या अगदी जवळचा एक माणूस. ब्योमकेश बक्षी! १९९३ साली दूरदर्शनवर बासू चटर्जींची मालिका सुरू झाली आणि रजित कपूरचा चेहरा ब्योमकेशला कायमचा चिकटला. पण किती मराठी वाचकांना ठाऊक आहे की ब्योमकेशचे जनक शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या आयुष्याची शेवटची जवळपास दोन दशकं पुण्यात गेली? ते १९३८ साली हिमांशू राय यांच्या बोलावण्यावरून बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईत आले. १९५२ साली चित्रपटाचा नाद सोडून पुण्याला स्थायिक झाले. १९३२ साली सुरू झालेला ब्योमकेश मध्ये सुमारे पंधरा वर्षं गप्प होता. तो पुन्हा बोलू लागला तो या सुमारास, आणि उत्तरार्धातल्या कितीतरी कथा पुण्यात बसून लिहिल्या गेल्या. कोलकात्यातल्या मेसमधली धूळ, तिथली पावसाळी संध्याकाळ, तिथल्या भद्रलोकांच्या घरातली कुजबुज हे सगळं एका बंगाली लेखकाने सह्याद्रीच्या कुशीत बसून कागदावर उतरवलं. पुणेकरांनी हे अभिमानाने सांगायला हवं.

ब्योमकेश वेगळा कशाने? तो स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. होम्स तसाच्या तसा राहतो. ब्योमकेश मात्र प्रेमात पडतो, सत्यवतीशी लग्न करतो, बाप होतो, त्याचं वय वाढतं, त्याच्याभोवतीचा देश बदलतो. 'आदिम रिपू' या कथेत स्वातंत्र्याच्या आगेमागे दंगलीत होरपळणारं कोलकाता आहे आणि गुन्हा त्या वातावरणापासून वेगळा काढता येत नाही. म्हणून ब्योमकेश क्रमानेच वाचावा. बत्तीस पूर्ण कथा आहेत, तेहेतिसावी लेखकाच्या निधनामुळे अपुरी राहिली.

क्रमाने वाचायचं आणखी एक नाव सांगितलंच पाहिजे. स्वीडनमधलं माय शेवाल आणि पेर वालू हे पत्रकार जोडपं. १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत त्यांनी मार्टिन बेक या पोलिस अधिकाऱ्यावर दहा कादंबऱ्या लिहिल्या, प्रत्येकीची ३० प्रकरणं. एक प्रकरण त्याने लिहायचं, पुढचं तिने. पहिल्या कादंबरीत कालव्यातल्या गाळातून एका अनोळखी तरुणीचा मृतदेह निघतो आणि ती कोण हे कळायलाच महिने जातात. पत्रं पाठवायची, उत्तराची वाट पाहायची, सर्दी-पडसं सोसायचं, पुन्हा तेच कागद चाळायचे. पोलिसांचं काम असंच चालतं. आज जगभर लोकप्रिय असलेली स्कँडिनेव्हियन गुन्हेकथा या दोघांच्या खांद्यावर उभी आहे. त्याच परंपरेतला स्टिग लार्सन त्यांच्या नंतरचा. वेगवान घटना हव्या असणाऱ्याने बेककडे जाऊ नये. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या वाचकाला मात्र ही पुस्तकं आपलीच वाटतील.

तिसरं दार स्थळाचं. प्रवासवर्णनं आवडणाऱ्या कितीतरी वाचकांना कोणी रहस्यकथा सुचवतच नाही. का नाही सुचवत? शहर आतून बघायचं तर गुन्ह्यामागे जाण्यासारखी दुसरी वाट नाही. पोलिसाला झोपडीतही जावं लागतं आणि बंगल्यातही. आपली मुंबईच घ्या.

एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकाने १९६४ साली मुंबई सीआयडीचे इन्स्पेक्टर गणेश घोटे उभे केले. पहिल्याच कादंबरीला ब्रिटिश गुन्हेकथालेखकांचा 'गोल्ड डॅगर' पुरस्कार मिळाला. आश्चर्य हे की कीटिंगने तेव्हा भारत पाहिलाच नव्हता! सुमारे दहा वर्षं तो नकाशे आणि पुस्तकं यांच्या आधारावर मुंबई लिहीत राहिला आणि मग पहिल्यांदा इथे उतरला. घोटे वरिष्ठांना घाबरतात, घरी बायकोपुढे गडबडतात, पण सत्य सोडत नाहीत. १९८८च्या चित्रपटात ते काम नसीरुद्दीन शाह यांनी केलं. आज वाचताना मुंबईच्या तपशिलात उणिवा दिसतात, तरी घोटेंचं भित्रं प्रामाणिकपण खरं वाटतं.

याच्या उलट टोकाला विक्रम चंद्र यांची २००६ची 'सेक्रेड गेम्स'. जवळपास नऊशे पानं. सरताज सिंग आणि गणेश गायतोंडे यांच्या मागून लेखक शहराचा कानाकोपरा दाखवतो. हिंसा आहे, शिव्या आहेत, पण मुंबईची भूकही आहे. ज्याला जाड पुस्तकाचं भय वाटत नाही त्याने सुट्टीत हीच उचलावी.

आणि सुजाता मॅसी यांची २०१८ची 'विडोज ऑफ मलबार हिल'. १९२१ची मुंबई, पारशी वकील पर्वीन मिस्त्री आणि मलबार हिलवरच्या बंगल्यात पडद्यात राहणाऱ्या तीन विधवा. पुरुष वकील पडद्याआड जाऊ शकत नाही. पर्वीन जाऊ शकते. रहस्याचा सगळा डोलारा या एका सामाजिक वस्तुस्थितीवर उभा आहे. पर्वीनमागची एक प्रेरणा आपल्या मातीतली आहे. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या आणि ऑक्सफर्डला कायदा शिकणाऱ्या पहिल्या महिला कॉर्नेलिया सोराबजी. पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेसाठी त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. स्त्रियांच्या आत्मचरित्रांचं वेड असलेल्या वाचकाला हे पुस्तक बिनदिक्कत द्यावं.

स्थळ म्हणजे काळही. इतिहासाच्या वाचकासाठी जोसेफिन टे यांची १९५१ची 'डॉटर ऑफ टाइम' आहे. पाय मोडून रुग्णालयात पडलेला पोलिस अधिकारी पलंगावरून एका राजाचा तपास करतो. तिसऱ्या रिचर्डने पुतण्यांना खरंच मारलं का? ना पाठलाग, ना पिस्तूल. फक्त कागदपत्रं, बखरी आणि शंका. भारत इतिहास संशोधक मंडळात रमणाऱ्या माणसाला याहून चांगली रहस्यकथा सापडणार नाही. उंबेर्तो एको यांची १३२७ सालच्या मठात घडणारी 'नेम ऑफ द रोज' त्याच्या पुढची पायरी; तिला सवड आणि चिकाटी लागते.

भाषेच्या दाराबद्दल थोडक्यात. रेमंड चँडलर कथानकासाठी वाचू नये. त्याच्या वाक्यांसाठी वाचावा, आणि मूळ इंग्रजीत वाचावा. मराठीत ज्यांना चटपटीत संवाद आणि वेग हवा, त्यांनी सुहास शिरवळकर घ्यावेत. दारा बुलंद, मंदार पटवर्धन, बॅरिस्टर अमर विश्वास ही नावं घेतली की आज पन्नाशी-साठीत असलेल्या वाचकांचे डोळे अजून चमकतात.

आता पर्लबाईंच्या चार दारांत न बसणारा एक वाचक उरतो. त्याला 'कोणी केलं' यात रस नसतो. 'का केलं' हे त्याला छळतं. त्याला काय द्यायचं? रूथ रेंडेल यांची १९७७ची 'अ जजमेंट इन स्टोन' द्यायची. पहिल्याच वाक्यात लेखिका खुनी कोण, बळी कोण आणि कारण काय ते सांगून मोकळी होते. कारण हे की खून करणाऱ्या मोलकरणीला लिहिता-वाचता येत नव्हतं. सगळं पहिल्या ओळीत सांगितल्यावर उरलं काय? उरतं ते पुस्तकभर वाढत जाणारं भय. पुस्तकांनी भरलेल्या घरात आपली निरक्षरता लपवत वावरणारी एक बाई आणि ते कधीच न ओळखणारी सुशिक्षित माणसं. आज या सभागृहात जमलेल्या आपण सगळ्यांनी हे पुस्तक वाचायला हवं. त्याच वाटेवर केइगो हिगाशिनो यांची २००५ची 'डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' आहे. एकटी आई, तिच्या हातून घडलेला खून आणि शेजारचा अबोल गणितशिक्षक. खून कसा झाला हे वाचकाने पाहिलेलं असतं. तरीही शेवटी तो हादरतो. कोड्याचा वाचक आणि माणसांचा वाचक अशा दोघांनाही एकच पुस्तक द्यायची वेळ आली, तर हेच द्यावं.

दारं सांगून झाली, पण एक गोष्ट विचारल्याशिवाय पुस्तक देऊ नये. रक्त किती चालतं? यात संकोच कशाला? झोप उडवणारी पुस्तकं नको असणं हा कमीपणा नाही. अलेक्झांडर मॅक्कॉल स्मिथ यांची बोट्स्वानातली मा रामोत्स्वे हरवलेले नवरे शोधते. डोरोथी सेयर्स यांच्या १९३५च्या 'गॉडी नाइट'मध्ये एकही खून नाही. स्त्रियांच्या महाविद्यालयात कोणीतरी विषारी निनावी पत्रं टाकतंय, एवढ्यावर ती सबंध कादंबरी तोलली आहे. आणि घरातल्या बारा वर्षांच्या मुलासाठी? सत्यजित राय यांचा फेलूदा, जो मुलांच्या 'संदेश' मासिकात जन्मला आणि मूर्तिचोरांच्या मागावर आपल्या वेरूळच्या कैलास लेण्यापर्यंत येऊन गेला. अशोक जैन यांनी तो मराठीत आणला आहे. त्याच्या जोडीला फुरसुंगीचा बनेश फेणे. भा. रा. भागवतांचा हा सायकलवीर नसता, तर दोन-तीन पिढ्यांना वाचनाची गोडी लागली असती का, याचा विचार करून पाहावा.

आणि पुस्तक नाहीच जमलं तर? पर्लबाईंचा सल्ला सोयीचा आहे. पन्नास पानं वाचून पाहा. नाही रुचलं तर बंद करा. वयाची पन्नाशी उलटली असेल तर शंभरातून वय वजा करा, तेवढीच पानं वाचा. सत्तरीच्या वाचकाने तीस पानांत निर्णय घ्यावा.

इथवर परदेशाच्या गोष्टी फार झाल्या, असं काहींच्या मनात आलं असेल. मराठीत काय आहे? श्रोतेहो, मराठीत खूप होतं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंझार, काळापहाड, धनंजय आणि छोटू यांच्यासाठी वाचनालयांत नंबर लागायचे. जेमतेम लिहिता-वाचता येणारी माणसं त्या छोटेखानी पुस्तकांनी वाचक बनली. गुरुनाथ नाईकांनीही तशाच विपुलतेने लिहिलं. त्यांचा कॅप्टन दीप अनेकांना आठवत असेल. श्रीकांत सिनकरांनी वेगळी वाट धरली. मुंबई पोलिसांच्या खऱ्या तपासांत शिरून त्यांनी 'सैली १३ सप्टेंबर'सारखी पुस्तकं लिहिली, आणि तीही कोणताही भडकपणा न करता. ट्रूमन कपोटी यांच्या 'इन कोल्ड ब्लड'चं कौतुक करणाऱ्यांनी सिनकर वाचलेच नसतील तर ती आपल्या टीकाकारांची आणि ग्रंथालयांची उणीव आहे. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वेगळ्या जातीच्या, पण माणसाच्या मनातला अंधार पाहू इच्छिणाऱ्याला त्याही द्याव्यात.

आपण मात्र या लेखकांना काय दिलं? साहित्याच्या इतिहासात दोन ओळी आणि कपाटात सर्वांत खालचा कप्पा. बंगाली माणूस ब्योमकेशच्या समग्र आवृत्त्या घरात मानाने ठेवतो. झुंझारच्या कथा मात्र रद्दीत गेल्या आणि आज संशोधकाला हव्या असतील तर जुन्या बाजारात हिंडावं लागतं. स्वस्त कागदावर छापलेली ती पुस्तकं आता हातात घेतली की कडा मोडून पडतात. अजून काही वर्षांनी तीही उरणार नाहीत.

म्हणून या व्यासपीठावरून दोन विनंत्या. पहिली ग्रंथालयाच्या सेवकांना: वाचकाला लेखकाचं नाव विचारण्याआधी त्याला शेवटचं आवडलेलं पुस्तक विचारा, मग ते कोणत्याही प्रकारचं असो, आणि ते का आवडलं तेही विचारा. दुसरी विनंती तुम्हा सर्वांना. घरातल्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत, गावाकडच्या फडताळात अर्नाळकर, नाईक, सिनकर यांची जुनी पुस्तकं असतील, तर ती रद्दीवाल्याला देऊ नका. मुखपृष्ठ फाटलेलं असलं, पानं सुटी झाली असली तरी चालेल. ती इथे, या ग्रंथालयात आणून द्या.